लेन्समधली बुरशी आणि पहिला निगेटिव्ह

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘ईबे या विक्रीच्या संकेतस्थळावर दोन वर्षांपासून जुने फिल्म कॅमेरे आणि लेन्स लिलावात विकतो. गेल्या बारा महिन्यांत ८३ चांगले अभिप्राय आहेत. परवा आयुष्यातला पहिला निगेटिव्ह, म्हणजे वाईट अभिप्राय, पडला: “लेन्समध्ये बुरशी. फोटोत दिसत नव्हती. फसवणूक.” खरेदीदाराने त्याआधी मला एक ओळसुद्धा लिहिली नव्हती. रागाच्या भरात मी भलंमोठं उत्तर लिहून ठेवलंय, अजून टाकलेलं नाही. टाकू का? आणि हा डाग निघू शकतो का?’

टाकू नका. ते उत्तर पुसून टाका, कारण ठेवलंत तर रात्री अकरा वाजता ते पुन्हा उघडाल आणि तेव्हा ते तुम्हाला फार सुंदर वाटेल. डाग निघू शकतो, पण त्याच्याकडे आपण तिसऱ्या क्रमांकावर वळू. आधीची दोन कामं जास्त महत्त्वाची आहेत.

माझा धंदा जुन्या फाउंटन पेनांचा, अधूनमधून कॅमेऱ्यांचाही. आजवर माझ्या नावावर अकरा निगेटिव्ह जमा झाले. त्यातले सात माझ्या चुकीचे होते, दोन पार्सल वाटेत रखडल्यामुळे आले आणि उरलेले दोन का आले ते मला आजही उमगलेलं नाही. हा हिशेब मांडता यायला मला बरीच वर्षं लागली. पहिला निगेटिव्ह आला तेव्हा अकराच्या अकरा समोरच्याच्या चुकीचे असणार, अशीच माझी समजूत होती.

आकड्याची भीती आधी काढून टाकू. ईबे टक्केवारी काढतं ती मागच्या बारा महिन्यांतल्या सकारात्मक आणि नकारात्मक अभिप्रायांची. तटस्थ अभिप्राय त्यात धरले जात नाहीत आणि एकाच गिऱ्हाइकाने एकाच आठवड्यात पुन्हा दिलेला अभिप्रायही मोजला जात नाही. म्हणजे ८४ पैकी ८३, ९८.८ टक्के. आता हा एक लाल ठिपका, म्हणजे निगेटिव्ह, धरून ९९.५ वर जायचं तर त्याच बारा महिन्यांच्या खिडकीत एकूण १९९ हिरवे, म्हणजे सकारात्मक, लागतील. तुमच्या वेगाने ते होणार नाही, म्हणून त्यामागे धावूही नका. अभिप्राय मिळवायला स्वस्तातल्या फुटकळ वस्तू विकत सुटणारे विक्रेते मी पाहिलेत. पॅकिंग करता करता त्यांचा जीव मेटाकुटीला येतो आणि नव्या चुका होतात त्या वेगळ्याच. बारा महिने झाले की तो ठिपका टक्केवारीतून आपोआप बाहेर पडतो.

शिवाय ही टक्केवारी गिऱ्हाइकाला दिसत असली तरी विक्रेता म्हणून तुमची पायरी आता तिच्यावर ठरत नाही. २०१६ पासून ईबे ती पायरी ठरवताना वेगळ्या गोष्टी बघतं. माल नाही म्हणून तुम्ही स्वतः रद्द केलेले व्यवहार आणि तुम्ही न सोडवल्यामुळे ईबेला गिऱ्हाइकाच्या बाजूने निकाली काढावी लागलेली प्रकरणं. या दुसऱ्या प्रकाराची मर्यादा ०.३ टक्के इतकी बारीक आहे. म्हणून निगेटिव्ह आल्यावर पहिली नजर अभिप्रायाच्या पानावर नको, परताव्याच्या विनंत्यांवर हवी. त्या गिऱ्हाइकाने ‘वर्णनाप्रमाणे नाही’ अशी विनंती टाकली असेल तर तुमच्याकडे कामाचे तीन दिवस असतात. ते फुगून बसण्यात घालवले तर तो ईबेला मध्ये घेऊ शकतो, आणि तिथे हरलात की जे नुकसान होतं त्यापुढे ही लाल ओळ किरकोळ आहे.

आणि हो, लिस्टिंगमध्ये, म्हणजे वस्तूच्या विक्रीच्या पानावर, ‘परत घेतलं जाणार नाही’ असं लिहिलेलं असलं तरी ते इथे उपयोगाचं नाही. ती अट मन बदललेल्या गिऱ्हाइकासाठी असते. वस्तू वर्णनाशी जुळत नसेल तर परत घ्यावी लागते, आणि परतीचा टपालखर्चही तुमचाच.

तर पहिलं काम: त्याला निरोप. ईबेच्या निरोप-पेटीतूनच, बाहेरून ईमेल किंवा फोन नाही, कारण पुढेमागे काही वाद झालाच तर ईबे तिथलंच वाचणार. निरोपात फोटोंचं समर्थन नको, ‘आधी विचारायला हवं होतं’ हे तर अजिबातच नको. मी साधारण असं लिहितो: ‘लेन्समध्ये बुरशी निघाली हे वाचून वाईट वाटलं. पाठवण्याआधी टॉर्च लावून बघायला हवं होतं, ते राहून गेलं. लेन्स परत पाठवा, टपालखर्च माझा. पोचली की पूर्ण पैसे परत करतो. ठेवून घ्यायची असेल तर दुरुस्तीचा खर्च कळवा, त्याचंही बघू.’ बस्स. यात अभिप्रायाचा उल्लेखही नाही हे लक्षात घ्या. तो मुद्दामच टाळलाय.

बुरशी खरोखर होती की नाही, हा प्रश्न तुमच्या मनात असणारच. बहुधा होती. लेन्समधली बुरशी समोरून काढलेल्या फोटोत सहसा दिसत नाही. मागच्या बाजूने टॉर्च मारून, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र) पूर्ण उघडून, तिरकं बघितलं तर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. तुमच्या फोटोत ती दिसली नाही आणि त्याला पहिल्या तासात दिसली, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. ‘फसवणूक’ हा शब्द तुम्हाला झोंबला असणार, पण पार्सल फोडून लेन्स उजेडासमोर धरणाऱ्या माणसाला तुमचा हेतू कुठून कळणार? त्याच्या हातात फक्त बुरशी आहे.

इथे थोडं थांबतो, कारण लिलावात विकणाऱ्यांच्या नशिबी हे प्रकरण जरा जास्तच का येतं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. ठरलेल्या किमतीला विकता तेव्हा गिऱ्हाईक कोणीही असतो. लिलावात तसं नसतं. तीस जण तुमचं पान उघडतात. काहींना काचेवरचा एखादा धूसर भाग खटकतो, ते निघून जातात. काही जण ‘तपासलेली नाही’ हे शब्द वाचून जुजबी बोली लावतात आणि सोडून देतात. जिंकतो तो, ज्याला तो धूसर भाग दिसलाच नाही किंवा दिसूनही ज्याने मनातल्या मनात पुसून टाकला. किंमत दुसऱ्या क्रमांकाची बोली ठरवते, कारण ईबेची यंत्रणा बोली तेवढीच वर नेते. पण वस्तू जाते ती सगळ्यात जास्त आशा धरलेल्या माणसाच्या घरी. अर्थशास्त्रज्ञ याला ‘विजेत्याचा शाप’ म्हणतात. त्यात शेवटच्या काही सेकंदांत बोली मारणारे असतात. घड्याळाकडे बघणारा माणूस वर्णनाचा चौथा परिच्छेद वाचत नाही.

म्हणजे तुमचं वर्णन तीस जणांनी वाचलं, त्यातल्या एकोणतीस जणांचा अंदाज बरोबर निघाला आणि माल तिसाव्याला गेला. लिलावाची रचनाच अशी आहे. म्हणून लिलावातल्या वर्णनात दोष कोपऱ्यात सांगून चालत नाही; तो पहिल्या ओळीत आणि पहिल्या तीन फोटोंत दिसावा लागतो, म्हणजे तिसाव्यालाही टाळता येऊ नये.

दुसरं काम पैशांचं. लेन्स परत आली की त्याच दिवशी पैसे परत. पाच दिवस ‘तपासतो’ म्हणून ठेवू नका. लेन्स दुसरीच आली, म्हणजे नंबर जुळत नाही, असं झालं तर गोष्ट वेगळी. तिथे लगेच ईबेला कळवा. त्यासाठी पाठवण्याआधीच लेन्सवरच्या सीरियल नंबरचा फोटो काढून ठेवण्याची सवय लावा. मी पेनांच्या बाबतीत निबचा जवळून फोटो ठेवतो, निबवरचे ओरखडे बोटांच्या ठशांसारखे असतात.

आता तिसरं, ज्यासाठी तुम्ही विचारलंत. प्रश्न सुटला, पैसे पोचले, त्याने ‘मिळाले’ असं लिहिलं की मग अभिप्राय बदलण्याची विनंती पाठवा. ही सोय ईबेनेच दिलेली आहे. अभिप्राय पडल्यापासून ३० दिवसांच्या आत ती पाठवावी लागते, गिऱ्हाइकाकडे उत्तराला १० दिवस असतात आणि एका अभिप्रायासाठी विनंती एकदाच. शिवाय एका वर्षात मिळणाऱ्या दर १,००० अभिप्रायांमागे अशा पाचच विनंत्या करता येतात. त्यामुळे पैसे परत करायच्या आधीच ती उडवून देणं म्हणजे एकुलती एक काडी वाऱ्यात पेटवणं. फक्त ३० दिवसांचं गणित लक्षात ठेवा. परतीच्या पार्सलला वेळ लागणार असेल तर कॅलेंडरवर खूण करा.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका, ‘आधी अभिप्राय बदला, मग पैसे देतो.’ हे नियमाच्या विरुद्ध आहे. आणि नियम बाजूला ठेवला तरी, असं लिहिलेला तुमचा निरोप हा त्याच्या हातातला तुमच्याविरुद्धचा पुरावा आहे. उलट दिशेनेही तेच. गिऱ्हाइकाने ‘अर्धे पैसे परत दे, नाहीतर निगेटिव्ह टाकतो’ असं, लिस्टिंगमध्ये देऊ न केलेल्या गोष्टीसाठी लिहिलं, तर ते ईबेला दाखवून अभिप्राय काढून घेता येतो. शिवीगाळ असेल, कोणाची खासगी माहिती असेल, किंवा पैसेच न भरलेल्या माणसाने टाकला असेल तरी काढला जातो. ‘तो खोटं बोलतोय’ एवढ्या कारणावर मात्र सहसा नाही. तुमच्या बाबतीत असं काहीच नाही, तेव्हा ईबेकडे तक्रार करण्यात वेळ घालवू नका.

माझ्या अकरापैकी चार बदलले गेले. चारही वेळा विनंतीच्या आधी पैसे पोचलेले होते. तीन जणांनी काहीच उत्तर दिलं नाही. त्यांना अभिप्राय हे प्रकरणच आठवत नसावं, आपण मात्र तो पाठ केलेला असतो.

समजा त्याने बदलला नाही. मग जाहीर उत्तराचा प्रश्न येतो. उत्तर एकदाच देता येतं आणि टाकल्यावर दुरुस्त करता येत नाही. ते वाचणारा तुमच्याशी भांडलेला माणूस नसतो, तो केव्हाच निघून गेला. वाचतो तो पुढच्या महिन्यात बोली लावायच्या आधी तुमच्या लाल ठिपक्यांवर बोट ठेवणारा अनोळखी माणूस. त्याला एवढंच जाणून घ्यायचं असतं, की माझं पार्सल बिघडलं तर हा विक्रेता काय करेल. म्हणून उत्तर असं: ‘बुरशी माझ्या नजरेतून सुटली. पूर्ण पैसे व टपालखर्च परत केला. आता प्रत्येक लेन्सचा टॉर्च लावून फोटो देतो.’ ‘फोटो नीट बघा!!’ हे उत्तर दहा चांगल्या अभिप्रायांना खाऊन टाकतं.

हे मी पोथीतून सांगत नाही. एका जुन्या पेनच्या टोपणाच्या कडेला केसासारखी बारीक चीर होती. भिंगाशिवाय ती दिसत नाही आणि मी भिंग लावलं नव्हतं. गिऱ्हाइकाने निगेटिव्ह टाकला. मी उत्तरात लिहिलं की टोपण त्यानेच घट्ट लावून फोडलं असेल. पैसेही परत केले, पण ते उत्तरात लिहायचं विसरलो! मग वर्षभर दर महिन्याला कोणी ना कोणी विचारायचं, ‘टोपण तडकलं तर आमच्यावरच ढकलणार का?’ निगेटिव्हबद्दल कोणी विचारलं नाही. विचारलं ते माझ्या उत्तराबद्दल.

याहून मोठं उदाहरण २०१३ सालचं आहे. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या एका कंपनीने ईबेवर एक उपकरण विकलं. पार्सल घेताना गिऱ्हाइकाला १.४४ डॉलर टपालखर्च भरावा लागला, म्हणून तिने निगेटिव्ह टाकला. कंपनीने सरळ कोर्टात दावा ठोकला. बातमी पसरली, लोक तुटून पडले आणि शेवटी कंपनीला जाहीर माफी मागून दावा मागे घ्यावा लागला. दीड डॉलरची तक्रार एरवी त्या पानावरच विरून गेली असती.

जुने विक्रेते तुम्हाला सांगतील की पूर्वी बरं होतं, आपणही गिऱ्हाइकाला निगेटिव्ह देऊ शकत होतो. खरं आहे. मे २००८ पासून विक्रेत्याला गिऱ्हाइकासाठी फक्त सकारात्मक अभिप्राय देता येतो. त्याआधी दोघंही एकमेकांच्या आधी कोण लिहितं याची वाट बघत बसायचे, आणि गिऱ्हाईक सूड उगवला जाईल या भीतीने गप्प राहायचं. १९९९ सालच्या व्यवहारांचा पॉल रेझनिक आणि रिचर्ड झेकहाउझर यांनी अभ्यास केला, तेव्हा गिऱ्हाइकांच्या अभिप्रायांपैकी ९९.१ टक्के सकारात्मक निघाले आणि नकारात्मक फक्त ०.६ टक्के. जगातला ९९ टक्के माल निर्दोष होता असा याचा अर्थ कोणी घेणार नाही. मीही त्या बदलावर वर्षभर कुरकुरलो. मग लक्षात आलं की माझ्या पॅकिंगच्या तक्रारी मला पहिल्यांदाच ऐकू येऊ लागल्या होत्या. आणि हिरव्या ठिपक्यात ‘सकारात्मक’ निवडून खाली विष ओकायचं, ही पळवाटही चालत नाही, तो शेरा काढला जातो. पुन्हा या माणसाला विकायचं नसेल तर त्याला तुमच्या बंदी-यादीत टाका आणि विसरा.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. एका निगेटिव्हने खरंच किती नुकसान होतं? याच रेझनिक-झेकहाउझर मंडळींनी पुढे एक प्रयोग केला. जुनी पोस्टकार्डं एका मुरलेल्या विक्रेत्याच्या नावाने आणि त्याच विक्रेत्याच्या कोऱ्या, नव्या नावांनी लिलावात मांडली. मुरलेल्या नावाला गिऱ्हाइकांनी ८.१ टक्के जास्त मोजायची तयारी दाखवली. पण नव्या नावांवर एक-दोन निगेटिव्ह असणं आणि नसणं, यात किमतीला फरक पडला नाही. दुसरीकडे लुईस काब्राल आणि अली होर्तासू यांनी खऱ्या विक्रेत्यांच्या नोंदी तपासल्या तेव्हा वेगळंच दिसलं. पहिल्या निगेटिव्हनंतर विक्रीची आठवड्याची वाढ अधिक ५ टक्क्यांवरून उणे ८ टक्क्यांवर आली आणि पुढचे निगेटिव्ह २५ टक्के जास्त वेगाने आले.

हे दोन निष्कर्ष शेजारी ठेवून मी बराच काळ विचार केला आहे. पहिल्या प्रयोगात विक्रेता तोच होता, संशोधकांनी सांगितल्याप्रमाणे माल मांडणारा. लाल ठिपका आला म्हणून त्याचं मन मोडलं नव्हतं. दुसऱ्यात जिवंत विक्रेते होते. त्यांना दुसरा निगेटिव्ह लवकर का यावा? त्या अभ्यासकांचाही अंदाज असाच आहे की पहिल्यानंतर विक्रेत्याची मेहनत कमी होते. मला ते स्वतःवरून पटतं. शंभर टक्के होतं तोवर मी प्रत्येक पेन दोनदा शाईने भरून बघायचो. ते मोडल्यावर पुढचे दोन महिने ‘आता काय, पाटी फुटलीच आहे’ म्हणत एकदाच बघितलं. माझा दुसरा निगेटिव्ह त्या दोन महिन्यांतला आहे.

म्हणून या आठवड्यात नवीन लिलाव लावणार असाल तर थोडे कमी लावा, पण नीट लावा. लेन्ससाठी मी पुढच्या गोष्टींशिवाय लिस्टिंग उघडतच नाही: मागून टॉर्च मारलेला एक फोटो, अ‍ॅपर्चरच्या पात्यांचा एक, कारण त्यांवर कधीकधी तेल आलेलं असतं, आणि माउंटकडची, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला बसते तिथली, कड. कॅमेरा असेल तर मागचं झाकण उघडून फोमच्या पट्ट्यांचा फोटो. जुना फोम चिकट होऊन गळतो आणि त्यातून प्रकाश शिरतो. शटरचे मंद वेग अडकतात का ते ऐकून बघा, एक सेकंदावर ठेवलं की कानाला कळतं. जे तपासता आलं नाही ते ‘तपासलेलं नाही’ असं लिहा, पण ‘चालू असावा’ असं कधीच लिहू नका. त्या ‘असावा’चा अर्थ तिसावा माणूस ‘आहे’ असाच घेतो. आणि खात्री नसलेला माल ‘सुट्या भागांसाठी किंवा बंद’ याच स्थितीत टाका. नुसतं वर्णनात ‘आहे तसा’ लिहून वर स्थिती ‘वापरलेला’ ठेवली तर ते शब्द तुम्हाला वाचवत नाहीत.

राहिली ती लेन्स. परत आली की टॉर्च लावून बुरशीचा जितका भयानक फोटो निघेल तितका काढा, तोच पहिला ठेवा, शीर्षकात ‘बुरशी’ लिहा आणि पुन्हा लिलावात लावा. लेन्स उघडून साफ करणारे, एका चांगल्या अ‍ॅपर्चरसाठी तीन खराब लेन्स घेणारे लोक बरेच असतात, आणि ते बुरशीचे धागे पानावरच मोजून बोली लावतात. किंमत पहिल्यापेक्षा कमी येईल. तोवर ती इतर लेन्सपासून वेगळ्या डब्यात, कोरड्या जागी ठेवा.